उड्डाण घेणाऱ्या विमानांमधील सेपरेशन: टॉवरवरील प्रशिक्षणार्थींसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सिम्युलेटरवर विमानतळाच्या हवाई नियंत्रण टॉवरचा सराव सुरू करणारे बहुतेक प्रशिक्षणार्थी वेक टर्ब्युलन्सचा, म्हणजे पुढच्या विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांचा, तक्ता तोंडपाठ करून येतात, आणि तरीही सरावातील गर्दी वाढू लागली की त्यांची दोन विमाने उड्डाणानंतर एकमेकांच्या नको तितकी जवळ येतात. याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. विमानांच्या एका जोडीला एकाच वेळी तीन-चार अटी लागू होतात, आणि त्यांपैकी जी अट तोंडपाठ आहे तेवढीच तपासून उड्डाणाची परवानगी दिली जाते. विमान जमिनीवर उभे असेपर्यंत सेपरेशन, म्हणजे दोन विमानांमधील सुरक्षित अंतर, पूर्णपणे टॉवरच्या हातात असते. ते एकदा धावू लागले की ही सत्ता झपाट्याने कमी होते, आणि म्हणूनच या कामातील खरे निर्णय माइकचे बटण दाबण्याच्या आधी घ्यावे लागतात. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

येथील आकडे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयसीएओच्या, दस्तऐवज क्रमांक ४४४४ मधील आहेत. प्रत्येक विमानतळाचे स्थानिक आदेश त्यांत भर घालतात आणि प्रत्यक्ष कामावर तेच बंधनकारक असतात. मुंबईला भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक असतात, पुण्याला लोहगाव येथे हवाई दलाचे, तर गोव्यात दाबोळीला नौदलाचे. त्यामुळे एका ठिकाणी शिकलेली समन्वयाची पद्धत दुसरीकडे जशीच्या तशी वापरता येईल असे गृहीत धरू नये.

टप्पा १: ताबा घेण्यापूर्वीची तयारी

पोझिशनचा ताबा घेताना आधीच्या नियंत्रकाकडून कोणती धावपट्टी वापरात आहे, वारा किती आणि कोणत्या दिशेचा आहे, क्यूएनएच (उंची मोजण्यासाठीचा हवेचा दाब) काय आहे, कोणता टॅक्सी-वे (धावपट्टीला जोडणारा रस्ता) बंद आहे, कोणत्या एसआयडीवर (उड्डाणानंतरच्या ठरलेल्या मार्गावर) बंधन आहे आणि ॲप्रोच (विमानतळाजवळच्या आकाशाचे नियंत्रण) किंवा एरिया कंट्रोलने (दूरच्या मार्गांचे नियंत्रण) कोणती विमाने रोखून ठेवली आहेत, हे सर्व विचारून घ्यावे. याखेरीज एक गोष्ट हमखास विचारायची राहते, ती म्हणजे आज गो-अराउंड करणारे, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणारे, विमान कोणत्या दिशेला आणि किती उंचीपर्यंत जाणार आहे. उड्डाण घेणारे विमान आणि गो-अराउंड करणारे विमान एकाच आकाशात चढतात, त्यामुळे हे उत्तर ठाऊक नसताना दोन उतरणाऱ्या विमानांच्या मध्ये उड्डाण सोडणे धोक्याचे ठरते.

त्यानंतर बोर्डवरील प्रत्येक स्ट्रिपवर, म्हणजे एकेका विमानाच्या नोंदपट्टीवर, वेक टर्ब्युलन्सचा वर्ग ठळक दिसतो आहे ना, हे पाहावे. जास्तीत जास्त उड्डाण वजन ७,००० किलो किंवा त्याहून कमी असेल तर विमान लाइट, ७,००० पेक्षा अधिक आणि १,३६,००० पेक्षा कमी असेल तर मीडियम, १,३६,००० किलो किंवा त्याहून अधिक असेल तर हेवी, आणि एअरबस ए३८० हे सुपर. येथे वजन म्हणजे विमानाला प्रमाणपत्राने मंजूर झालेले कमाल वजन होय. त्या दिवशीचे प्रत्यक्ष वजन नव्हे. रिकामे परत जाणारे बोइंग ७७७ हेवीच राहते. दिसायला मोठे आणि लांबलचक असले तरी एअरबस ए३२१ मीडियम आहे, आणि त्याच्या चतुर्थांश वजनाचे एटीआर ७२ देखील मीडियमच आहे. डॉर्निअर २२८ आणि किंग एअर बी२०० ही दोन इंजिनांची विमाने मात्र लाइट आहेत, आणि नेमकी हीच नवख्या नियंत्रकाकडून मीडियम समजली जातात.

पडताळणी: भिंतीवरचे घड्याळ, पडद्यावरचे घड्याळ आणि आपण स्ट्रिपवर लिहीत असलेली वेळ एकच आहे ना? दोन मिनिटांचे अंतर मोजायचे असेल तर वीस सेकंदांची तफावतही मोठी असते.

टप्पा २: प्रत्येक जोडीला चार प्रश्न

पुढचे विमान आणि त्याच्या मागचे विमान अशी जोडी डोळ्यांसमोर ठेवून खालील चार प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारावेत. चारही उत्तरे मिळाल्यावर त्यांतील सर्वांत मोठे अंतर त्या जोडीसाठी लागू होते. मोठे अंतर सापडले म्हणून उरलेले प्रश्न सोडून देऊ नयेत, कारण काही अटी वेळेत मोजल्या जातात आणि काही विमानाच्या जागेवरून ठरतात. त्यांची तुलना वाटते तितकी सरळ नसते.

पहिला प्रश्न धावपट्टीचा. पुढे उड्डाण घेतलेल्या विमानाने वापरातील धावपट्टीचे टोक ओलांडलेले असावे किंवा वळण सुरू केलेले असावे, आणि आधी उतरलेली सर्व विमाने धावपट्टीबाहेर गेलेली असावीत. त्यानंतरच मागचे विमान धावू शकते. ही अट मागचे विमान धावू लागेल त्या क्षणी पूर्ण व्हायला हवी, त्यामुळे ती पूर्ण होईल याची रास्त खात्री असल्यास परवानगी किंचित आधी देता येते. मात्र काही वैमानिक परवानगी मिळताच निघतात आणि काहींना इंजिनाची शक्ती वाढवून निघायला दहा-पंधरा सेकंद लागतात. शिकाऊ नियंत्रकाने या सवलतीचा आधार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे विमान वळताना किंवा टोक ओलांडताना प्रत्यक्ष पाहावे आणि मगच बोलावे.

दुसरा प्रश्न वेक टर्ब्युलन्सचा. एकाच धावपट्टीवरून हेवीच्या मागे मीडियम किंवा लाइट निघत असेल तर २ मिनिटे, मीडियमच्या मागे लाइट निघत असेल तरीही २ मिनिटे. ए३८० च्या मागे हेवी असेल तर २ मिनिटे, मीडियम किंवा लाइट असेल तर ३ मिनिटे. एकमेकींपासून ७६० मीटरपेक्षा कमी अंतरावर असलेल्या समांतर धावपट्ट्या या हिशेबात एकच धावपट्टी मानल्या जातात. एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर, मागच्या विमानाचा मार्ग पुढच्याच्या मार्गाला त्याच उंचीवर किंवा त्याखाली १,००० फुटांच्या आत छेदणार असेल, तर हीच मिनिटे लागू होतात. मुंबईच्या ०९/२७ आणि १४/३२ या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून मुंबईच्या सरावात धावपट्टी बदलण्याच्या वेळी, म्हणजे शेवटचे विमान एकीवरून आणि पहिले विमान दुसरीवरून निघताना, ही अट हमखास विसरली जाते.

सर्वाधिक गफलत होते ती धावपट्टीच्या मधल्या भागातून, म्हणजे इंटरसेक्शनवरून, निघणाऱ्या विमानाबाबत. मागचे विमान मधून निघत असेल तर वरच्या प्रत्येक आकड्यात एक मिनिट वाढते: २ चे ३ होतात आणि ए३८० च्या मागे ३ चे ४. पंखांच्या टोकांवरचे भोवरे विमानाचे नाक वर उचलले जाते तेथून तयार होऊ लागतात आणि नंतर मिनिटाला काही शे फूट या गतीने खाली येतात. धावपट्टीच्या आरंभापासून निघालेले हलके विमान सहसा हेवीच्या आधीच जमीन सोडते आणि त्याच्या मार्गाच्या वर राहते. मधून निघालेले विमान मात्र हेवीने जेथे नाक उचलले त्याच जागेपाशी, किंवा त्याच्याही पुढे, जमीन सोडते आणि खाली येणाऱ्या भोवऱ्यात शिरते. अगदी मंद वाऱ्याच्या दिवशी अधिक जागरूक राहावे, कारण जमिनीलगत भोवरे हळूहळू बाजूला सरकत असतात आणि काही नॉट (ताशी नॉटिकल मैल) वेगाचा आडवा वारा वाऱ्याकडील भोवऱ्याला धावपट्टीवरच रोखून धरू शकतो.

मिनिटे कोठून मोजायची हेही स्थानिक आदेशात पाहून ठेवावे. काही देशांत विमान धावू लागल्यापासून मोजतात, तर काही ठिकाणी चाके जमिनीवरून सुटल्यापासून. दोन्ही विमानांसाठी एकच क्षण धरणे अत्यावश्यक आहे. पुढच्या विमानाची धावू लागल्याची वेळ आणि मागच्याची चाके सुटल्याची वेळ अशी सरमिसळ केली, तर दोन मिनिटांतली चाळीसेक सेकंद कागदावरच गायब होतात.

इशारा: हेवीच्या मागे हेवी निघत असेल तर उड्डाणासाठी वेळेचे वेक अंतर नाही, परंतु रडारवर त्याच जोडीला ४ नॉटिकल मैल लागतात. तक्त्यातील रिकामा रकाना पाहून "येथे काहीच लागत नाही" असा निष्कर्ष काढू नये.

तिसरा प्रश्न मार्ग, वेग आणि चढाईचा. रडार नसताना दोन्ही विमानांचे मार्ग उड्डाणानंतर लगेच किमान ४५ अंशांनी फुटत असतील तर १ मिनिट पुरते. दोन्ही एकाच मार्गाने जाणार असतील आणि पुढचे विमान मागच्यापेक्षा ४० नॉट किंवा त्याहून अधिक वेगवान असेल तर २ मिनिटे पुरतात. मार्ग एकच असून मागचे विमान पुढच्याच्या उंचीतून वर जाणार असेल, तर उभे अंतर नसलेल्या संपूर्ण काळात ५ मिनिटे टिकली पाहिजेत. यातला "टिकली पाहिजेत" हा भाग नीट लक्षात ठेवावा. सुटताना पाच मिनिटे होती, एवढ्याने काम भागत नाही.

रडार असेल तेथे स्थानिक मान्यतेनुसार ३ किंवा ५ नॉटिकल मैलांचे किमान अंतर वापरतात, आणि टॉवरने विमाने अशा रीतीने सोडायची असतात की रडार नियंत्रकाच्या हाती पडताना हे अंतर असेल आणि पुढे कमी होत जाणार नाही. एक हिशेब करून पाहू. एटीआर ७२ पुढे निघाले, सुरुवातीला सरासरी १६० नॉट वेगाने गेले, आणि दोन मिनिटांनी त्याच एसआयडीवर ए३२० उडाले. त्या क्षणी एटीआर सव्वापाच नॉटिकल मैलांच्या आसपास पुढे असेल, आणि पडद्याकडे पाहून सर्व ठीक वाटेल. थोड्याच वेळात ए३२० चा वेग एटीआरपेक्षा ८० नॉटनी अधिक झाला की दर मिनिटाला सव्वा मैलाहून अधिक अंतर गिळले जाते आणि दोन मिनिटांच्या आत दोघांमध्ये तीन मैलसुद्धा उरत नाहीत. वेकच्या तक्त्यानुसार मीडियमच्या मागे मीडियमला काहीही लागत नव्हते, म्हणून ज्याने फक्त दुसरा प्रश्न विचारला त्याला हे येताना दिसलेच नाही.

चौथा प्रश्न उतरणाऱ्या विमानांचा. तो मोठा असल्यामुळे चौथ्या टप्प्यात स्वतंत्रपणे घेतला आहे.

टप्पा ३: क्रम लावणे

सर्वसाधारण नियम असा की जे विमान आधी तयार असेल ते आधी जाते. परंतु सर्वांना मिळून सरासरी विलंब कमीत कमी व्हावा आणि अधिकाधिक उड्डाणे व्हावीत यासाठी हा क्रम बदलण्याची मुभा नियमातच आहे. ती मुभा न वापरणे ही नवख्या नियंत्रकांची मोठी उणीव असते; ते होल्डिंग पॉइंटवर, म्हणजे धावपट्टीबाहेर थांबण्याच्या ठरलेल्या जागी, जो आधी पोहोचला त्याची स्ट्रिप खाली, म्हणजे पहिल्या क्रमांकावर, ठेवतात आणि मग मिनिटे मोजत बसतात.

बोर्डावर चार स्ट्रिप आहेत असे समजू. धावपट्टी २७ आहे आणि अंतरे रडारशिवायची धरली आहेत. बोइंग ७७७ सरळ पश्चिमेला जाणार आहे, एटीआर ७२ डावीकडे वळून दक्षिणेला, ए३२० त्याच दक्षिण मार्गाने, आणि किंग एअर उडताच उजवीकडे उत्तरेला. चारही याच क्रमाने होल्डिंग पॉइंटवर आली आहेत. आली तशी सोडली तर ७७७ नंतर एटीआरला वेकमुळे २ मिनिटे लागतील, एटीआरनंतर ए३२० ला, ते पुढच्याच्या उंचीतून वर जाणार असल्यामुळे, किमान ५ मिनिटे (आणि मागचे विमान वेगवान असल्याने तीही पुरणार नाहीत), मग ए३२० नंतर किंग एअरला पुन्हा वेकची २. एकूण ९ मिनिटांपेक्षा अधिक वेळ गेला आणि त्यातही एका जोडीची काळजी उरलीच.

आता किंग एअर प्रथम, मग ए३२०, मग एटीआर आणि शेवटी ७७७ असा क्रम लावून पाहावा. लाइटच्या मागे मीडियमला वेकचे अंतर नाही आणि मार्ग फुटतात, म्हणून १ मिनिट. ए३२० पुढे आणि कमी वेगाचे एटीआर मागे असल्याने अंतर वाढतच जाते, म्हणून २ मिनिटे. मीडियमच्या मागे हेवीला वेक नाही, मार्ग पुन्हा फुटतात, म्हणून १. चारही विमाने ४ मिनिटांत गेली. प्रत्येकाच्या प्रतीक्षेची सरासरी आधी साडेचार मिनिटांवर होती, ती २ मिनिटांवर आली. ७७७ ला चार मिनिटे थांबावे लागले हे खरे, आणि त्या वैमानिकाने विचारल्यास त्याला किती वेळ लागेल ते सरळ सांगावे.

हा क्रम विमाने एकामागोमाग एका टॅक्सी-वेवर उभी राहिल्यानंतर सुचला तर उपयोग नाही, कारण मागचे पुढे काढायला जागाच नसते. म्हणून तो ग्राउंड कंट्रोलर विमानांना टॅक्सी देत असतानाच ठरवून त्याला कळवावा. रुग्णवाहू विमान, ठरवून दिलेल्या उड्डाण वेळेचे बंधन असलेले विमान किंवा ॲप्रोचने विशिष्ट वेळेलाच सोडलेले विमान असेल, तर ते आधी बोर्डावर पक्के करून बाकीचे त्याच्याभोवती बसवावे.

पडताळणी: एकाच मार्गावर कमी वेगाचे विमान पुढे आणि वेगवान मागे अशी जोडी क्रमात उरली आहे का? उरली असेल तर त्या दोघांमध्ये वेगळ्या दिशेला जाणारे एखादे विमान घालता येते का, ते पाहावे.

टप्पा ४: उतरणाऱ्या दोन विमानांमधील जागा

येथे अंदाजाने नव्हे, तर हिशेबाने काम करावे. जमिनीच्या सापेक्ष १४० नॉट वेगाने येणारे विमान मिनिटाला सुमारे २.३ नॉटिकल मैल कापते. म्हणजे सहा मैलांवरचे विमान सुमारे २ मिनिटे ३४ सेकंदांत धावपट्टीच्या उंबरठ्यावर, म्हणजे उतरण्याच्या बाजूच्या टोकावर, असेल, चार मैलांवरचे १ मिनिट ४३ सेकंदांत.

पहिले विमान उंबरठा ओलांडते आहे आणि दुसरे सहा मैलांवर आहे, अशी स्थिती घेऊ. पहिल्याला उतरून बाहेर पडायला एक मिनिट लागले, तर तोवर दुसरे पावणेचार मैलांच्या आत आलेले असेल आणि आपल्या हाती सुमारे ९४ सेकंद उरतील. आधीच धावपट्टीवर उभ्या केलेल्या जेटला परवानगी ऐकून निघायला १५ सेकंद, धावून जमीन सोडायला ४० आणि टोक ओलांडायला आणखी २० धरले, तर ७५ सेकंद होतात. शिल्लक १९ सेकंदांची. आता पहिले विमान जवळचा टॅक्सी-वे चुकवून पुढच्याने बाहेर पडले, किंवा उड्डाण घेणारा वैमानिक परवानगीनंतर थोडा रेंगाळला, की ही शिल्लक संपली. जागा सहा मैलांची आहे म्हणून उड्डाण बसते, असा सरसकट नियम करणे म्हणूनच चुकीचे आहे. कोणते विमान, ते आधीच धावपट्टीवर उभे आहे की अजून होल्डिंग पॉइंटवर, धावपट्टी ओली आहे की कोरडी, यावर ते अवलंबून असते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात या तिन्ही गोष्टी एकदमच आपल्या विरोधात जाऊ शकतात.

८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उड्डाण घेत असतानाच मागून आलेले दुसरे विमान त्याच धावपट्टीवर उतरले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. वरचे सेकंद मोजण्याची सवय कशासाठी लावायची, हे त्या दृश्यावरून कोणालाही कळेल.

इशारा: जागा पुरेल की नाही अशी शंका आली, तर उड्डाण घेणारे विमान होल्डिंग पॉइंटवरच ठेवावे. ते धावपट्टीवर आणून मग विचार करू नये.

रडार नसलेल्या ठिकाणी नियम वेळेत दिलेला आहे. उतरणारे विमान सरळ येत असेल, तर ते धावपट्टीवर पोहोचण्याच्या अंदाजित वेळेच्या ५ मिनिटे आधीपर्यंत कोणत्याही दिशेला उड्डाण सोडता येते. उड्डाणाची दिशा त्याच्या येण्याच्या विरुद्ध दिशेपासून किमान ४५ अंशांनी वेगळी असेल, तर ३ मिनिटे आधीपर्यंत.

टप्पा ५: धावपट्टीवर आणणे

विमानाला धावपट्टीवर घेणे हा स्वतंत्र निर्णय आहे आणि त्याची स्वतंत्र खूण स्ट्रिपवर हवी. धावपट्टी व्यापली आहे हे दाखवणारी पट्टी किंवा चिन्ह बोर्डावर लावल्याशिवाय "लाइन अप अँड वेट" (धावपट्टीवर या आणि थांबा) म्हणू नये. १९९१ मध्ये लॉस एंजेलिसला रात्रीच्या वेळी इंटरसेक्शनवर उभे करून ठेवलेल्या छोट्या विमानाचा विसर पडला आणि मोठ्या विमानाला त्याच धावपट्टीवर उतरण्याची परवानगी दिली गेली. धावपट्टीवरील दिव्यांच्या ओळीत त्या छोट्या विमानाचे दिवे वेगळे ओळखू येणे अवघड होते. रात्री आणि कमी दृश्यमानतेत इंटरसेक्शनवर विमान थांबवून ठेवणे शक्यतो टाळावे.

सशर्त परवानगी द्यायची असेल, तर ज्या विमानाच्या मागे जायचे ते नियंत्रकाला आणि वैमानिकाला, दोघांनाही, दिसत असले पाहिजे. शिवाय अट वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा उच्चारायची असते: "बिहाइंड द लँडिंग ए३२० ऑन शॉर्ट फायनल, लाइन अप अँड वेट, बिहाइंड". शेवटचा "बिहाइंड" गाळण्याची सवय अनेकांना असते. गर्दीच्या वेळी वैमानिकाला वाक्याचा पहिला भाग ऐकू गेला नाही, तर तोच एक शब्द विमानाला थांबवतो.

केवळ क्रमांक सांगणे ही परवानगी नसते, हे दोन्ही बाजूंना स्पष्ट असावे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपानच्या तटरक्षक दलाच्या विमानाला "नंबर वन" असे सांगून होल्डिंग पॉइंटपर्यंत येण्यास सांगितले होते. ते विमान धावपट्टीवर गेले, उतरणाऱ्या ए३५० ची त्याला धडक बसली आणि त्यातील पाच जणांचा मृत्यू झाला. क्रमांक सांगायचाच असेल, तर त्याच वाक्यात "होल्ड शॉर्ट" आणि धावपट्टीचा क्रमांक सांगावा आणि तो वैमानिकाकडून पूर्ण परत ऐकावा.

पडताळणी: बोलण्यापूर्वी नजर उंबरठ्याबाहेरच्या आकाशापासून धावपट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी, मगच बोर्डकडे पाहावे. बोर्ड आधी पाहिला तर डोळ्यांना तेच दिसते जे बोर्डवर लिहिलेले आहे.

टप्पा ६: उड्डाणाची परवानगी

"टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा. अन्य सर्व ठिकाणी "डिपार्चर" म्हणावे. १९७७ मध्ये टेनेरिफ येथे दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवर आदळून ५८३ जण मृत्युमुखी पडले, त्याआधीच्या संवादात हा शब्द परवानगी नसताना दोन्ही बाजूंनी उच्चारला गेला होता. त्यामुळे "स्टँड बाय फॉर टेक-ऑफ" यासारखे वाक्य सरावातही तोंडात येऊ देऊ नये.

परवानगी देताना कॉल-साइन (विमानाचे रेडिओवरील नाव), वारा, धावपट्टीचा क्रमांक आणि "क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ" एवढेच बोलावे. वळणाची दिशा, उंची किंवा स्क्वॉक (रडारवर ओळख पटवणारा सांकेतिक क्रमांक) बदलायचा असेल, तर तो विमान थांबलेले असतानाच आणि या परवानगीपूर्वी सांगून परत ऐकून घ्यावा. धावण्याच्या तोंडावर वैमानिकाच्या हाती नवे काम देणे बरे नव्हे. धावपट्टीवर येणे, ती ओलांडणे, तिच्याबाहेर थांबणे, उड्डाण, उंची, हेडिंग (नाकाची दिशा) आणि क्यूएनएच यांचे रीडबॅक, म्हणजे वैमानिकाने ते परत उच्चारणे, अनिवार्य आहे, आणि ते ऐकणे हे नियंत्रकाचे काम आहे. उत्तर येत असताना पुढची स्ट्रिप लिहायला घेणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. कॉल-साइन एकसारख्या असतील तर दोन्ही वैमानिकांना तसे आधी सांगून ठेवावे आणि पूर्ण कॉल-साइन वापरावी.

"इमिजिएट टेक-ऑफ" म्हणजे विमान होल्डिंग पॉइंटवरून न थांबता धावपट्टीवर येईल आणि तसेच निघेल. ते जमेल का, हे वैमानिकाला आधी विचारावे. वेकसाठी त्याने जादा वेळ मागितला तर तो देऊन क्रम पुन्हा लावावा. त्याला घाई करू नये.

टप्पा ७: उड्डाणानंतरची दोन मिनिटे

विमानाने जमीन सोडताच वेळ स्ट्रिपवर लिहावी, कारण पुढच्या जोडीचा हिशेब याच आकड्यावर उभा असतो. त्यानंतर विमान अपेक्षित दिशेला वळले का, हे डोळ्यांनी पाहावे. मार्ग फुटतात या आधारावर मागच्या विमानाला एका मिनिटात सोडायचे असेल, तर पुढच्याच्या एसआयडीच्या नावावर विसंबून चालत नाही, कारण वजनदार विमान वळणाच्या उंचीवर पोहोचायला नेहमीपेक्षा अधिक वेळ घेऊ शकते.

मग विमान रडार नियंत्रकाकडे सोपवावे. फार लवकर सोपवले तर काही चुकल्यास टॉवरला त्याच्याशी बोलता येत नाही. फार उशिरा सोपवले तर रडार नियंत्रकाला वेग किंवा हेडिंग बदलून अंतर वाढवण्याची संधी मिळत नाही. वेगवान विमान मागे आहे, किंवा हेवी संथ चढते आहे, असे काही दिसत असेल तर ते इंटरकॉमवर आधी कळवावे. पडद्यावर त्यालाही ते दिसेलच, असे मानू नये.

टप्पा ८: ठरवलेले बिघडले तर

परवानगी दिली, परंतु विमान अजून हललेले नाही, आणि ती मागे घ्यायची आहे: "होल्ड पोझिशन, कॅन्सल टेक-ऑफ, आय से अगेन, कॅन्सल टेक-ऑफ". विमान धावू लागलेले असेल तर कॉल-साइनसह "स्टॉप इमिजिएटली" दोनदा. हा दुसरा आदेश टक्कर टाळण्यासाठीच राखून ठेवावा, कारण अधिक वेगात असताना उड्डाण अर्धवट सोडून थांबणे हेच मोठे संकट ठरू शकते. अंतर थोडे कमी पडणार आहे एवढ्यासाठी धावणारे विमान थांबवायचे नसते. त्याला वर जाऊ द्यावे आणि हवेत वळण किंवा उंचीच्या साहाय्याने, रडारशी बोलून, अंतर मिळवावे.

मागून येणारे विमान गो-अराउंड करत असेल तर प्रथम दोघांचे मार्ग वेगळे करावेत. सामान्यतः पुढे उडालेल्याला त्याच्या एसआयडीच्या दिशेने लवकर वळवणे आणि गो-अराउंड करणाऱ्याला ठरलेल्या मार्गावर ठेवणे सोपे पडते, परंतु त्या भागातील अडथळे आणि किमान उंची ध्यानात घेऊनच. दोघांनाही एकमेकांची माहिती द्यावी. वेकही विसरू नये: मागचे विमान हलके आणि पुढचे हेवी असेल, तर दोघे एकमेकांपासून दूर दिसत असले तरी खाली येणारे भोवरे मधल्या जागेत असतात.

वैमानिकाने स्वतःहून उड्डाण अर्धवट सोडून दिले, तर सर्वप्रथम अंतिम टप्प्यावरील विमानाला गो-अराउंड द्यावा, मग थांबलेल्या विमानाला काही मदत हवी आहे का, ते विचारावे. धावपट्टीवर टायरचे तुकडे किंवा पक्षी पडलेले असू शकतात, म्हणून तपासणीची गाडी जाऊन येईपर्यंत ती बंद समजावी. या काळात होल्डिंग पॉइंटवरील विमानांच्या परवानग्यांची मुदत सरत असते आणि ॲप्रोचने दिलेले रिलीज (विमान सोडण्याची संमती) जुने होत असतात. धावपट्टी मोकळी झाल्याचे कळताच रांगेतल्या पहिल्या विमानाला लाइन-अप देण्याचा मोह होतो. त्याआधी प्रत्येक स्ट्रिपवरील रिलीज आणि उड्डाणाची ठरलेली वेळ ॲप्रोचकडून नव्याने घ्यावी, तिसऱ्या टप्प्याप्रमाणे क्रम पुन्हा लावावा आणि बोर्डवरील धावपट्टी बंद असल्याची खूण त्यानंतरच काढावी.